दत्तजयंतीचा चंद्र आणि स्वालबार्डचा क्रिल

गेल्या पौर्णिमेला आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो नेहमीचा मजकूर पुन्हा फिरून आला. माणसाच्या शरीरात ७० टक्के पाणी असतं, चंद्र समुद्राला भरती आणतो, मग आपल्या डोक्यातही भरती यायचीच, वगैरे. खाली चार नमस्कार आणि एक ‘विज्ञानाने सिद्ध’. उत्तर लिहायला घेतलं तर ते लांबतच गेलं, म्हणून इथे लिहितोय. कारण पौर्णिमेला ज्यांचं वागणं खरोखर बदलतं असे जीव आहेत. फक्त ते आपल्यापासून फार लांब, स्वालबार्डच्या काळ्याकुट्ट समुद्रात राहतात.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, ७४ ते ८१ अक्षांशांमध्ये पसरलेला द्वीपसमूह. सत्ता नॉर्वेची, पण १९२० च्या पॅरिस करारामुळे सह्या करणाऱ्या इतर देशांच्या नागरिकांनाही तिथे बरेच हक्क मिळाले. त्या करारावर तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वतीनेही सही आहे. तिथलं नी-ऑलेसुंड हे मूळचं कोळशाच्या खाणीचं गाव. १९६२ मध्ये खाणीत अपघात होऊन २१ कामगार गेले, खाण बंद पडली आणि गाव हळूहळू शास्त्रज्ञांचं झालं. आपलं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे १ जुलै २००८ ला सुरू झालं. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. हिवाळ्यात गावात तीस-पस्तीस माणसं उरतात. गावाबाहेर पडायचं तर अस्वलाच्या भीतीने बंदूक बरोबर घ्यावी लागते. वाय-फाय आणि ब्लूटूथला बंदी, कारण तिथले रेडिओ अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेझारचे (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे) अतिक्षीण संकेत टिपत असतात. आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांना तिथे महिनाभर ठेवावं, असं मला फार वाटतं.

ध्रुवावर सहा महिने रात्र असते, हे आपण शाळेत शिकलो. ते नेमक्या ध्रुवापुरतं खरं. नी-ऑलेसुंड ७९ अंशांच्या किंचित खाली आहे. तिथे सूर्य ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जातो आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर परत येतो. या जवळपास चार महिन्यांत समुद्र झोपलेला असतो, असंच बराच काळ मानलं जायचं. उजेड नाही म्हणून शेवाळ वाढत नाही, शेवाळ नाही म्हणून ते खाणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, सुस्त, आणि प्लवक सुस्त म्हणून सगळंच सुस्त.

समज बदलला तो एका भलत्याच उपकरणामुळे. समुद्रतळावर वजन ठेवायचं, त्याला दोर बांधायचा, दोर ताठ राहावा म्हणून वरच्या टोकाला तरंगे लावायचे आणि मध्ये उपकरणं अडकवायची. त्यातलं एक उपकरण आवाजाची स्पंदनं सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. फलाटावरून न थांबता निघून गेलेल्या गाडीच्या हॉर्नचा सूर जसा उतरतो, तसा प्रतिध्वनीचा सूरही पाण्यातल्या कणांच्या वेगानुसार बदलतो. त्यावरून प्रवाह मोजायचा, एवढंच त्याचं काम. पण ते ‘कण’ म्हणजे बऱ्याचदा क्रिल आणि कोपेपॉड असतात. (क्रिल म्हणजे दिसायला साधारण आपल्या जवळ्यासारखा, जात मात्र वेगळी. कोपेपॉड हे त्याहून बारीक कवचधारी जीव.) दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सोनारला खोल समुद्रात एक खोटा तळ दिसायचा. तो रात्री वर यायचा आणि दिवसा खाली जायचा. तेही असेच जीव होते. रात्री वर येऊन चरायचं, दिवसा माशांच्या नजरेपासून लपायला खोल जायचं, हा त्यांचा जगभरचा शिरस्ता.

नॉर्वेच्या यॉर्गन बर्गे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की स्वालबार्डच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत) ही ये-जा ध्रुवीय रात्रीतही चालूच असते. सूर्य क्षितिजाखाली असताना! मग २०१६ मध्ये स्कॉटलंडचे किम लास्ट आणि याच गटातल्या मंडळींनी आर्क्टिकभरातल्या अशा दोरांच्या नोंदी तपासल्या. भर हिवाळ्यात हे वर-खाली २४ तासांचं न राहता २४ तास ५० मिनिटांचं होत होतं. ही चंद्राची वेळ. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो ना, तीच. शिवाय दर साडेएकोणतीस दिवसांनी, पौर्णिमेच्या सुमारास, वरच्या थरातले प्लवक घोळक्याने सुमारे ५० मीटर खोल जात होते.

इथे थोडं अंकगणित येणार आहे, पण मला ते फार आवडतं, तेव्हा सोसा.

मार्गशीर्षातली पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, डिसेंबरच्या आसपास येते. त्या मध्यरात्री पुण्या-मुंबईत अंगणात उभं राहून चंद्र पाहिलात तर मान दुखते, तो इतका डोक्यावर असतो. कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. डिसेंबरात सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात ताणलं की मिळणाऱ्या रेषेच्या) २३.४ अंश दक्षिणेला, म्हणून चंद्र जवळपास तेवढाच उत्तरेला. चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली असल्याने हा आकडा १८ ते २८ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. आता ७९ अक्षांशावर जा. ९० मधून ७९ गेले, उरले ११. आकाशातली जी वस्तू या विषुववृत्ताच्या ११ अंशांहून जास्त उत्तरेला ती तिथे मावळतच नाही, आणि जी तेवढी दक्षिणेला ती उगवतच नाही. सूर्य उणे २३, म्हणजे भर दुपारीही क्षितिजाच्या १२ अंश खाली. पौर्णिमेचा चंद्र अधिक २३ धरला तर तो १२ ते ३४ अंश उंचीवरून आकाशभर घिरट्या घालत राहतो, मावळायचं नावच नाही. अष्टमीचा चंद्र विषुववृत्ताजवळ असतो, म्हणून तो रीतसर उगवतो-मावळतो. आणि अमावास्येचा चंद्र सूर्याच्या सोबतीने खालीच.

आता क्रिलकडून बघा. अष्टमीच्या सुमारास चंद्र उगवला की खाली, मावळला की वर. पौर्णिमेला तो मावळतच नाही, मग खालीच थांबायचं. पूर्ण चंद्राचा उजेड सूर्याच्या सुमारे चार लाखाव्या हिश्श्याइतका, पण बाकी काहीच नसताना भक्ष्य शोधणाऱ्या माशाला तो कामाला येतो. उन्हाळ्यात तळपणाऱ्या सूर्यापुढे त्याला कोण विचारतं!

‘बघा, चंद्राचा परिणाम होतो की नाही’ म्हणणाऱ्या माझ्या काकांसाठी आता मुद्द्याचं. उधाणाची भरती पौर्णिमेला येते तशी अमावास्येलाही येते. कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. हे काम चंद्राच्या ओढीचं असतं तर क्रिल महिन्यातून दोनदा बुडाला असता. तो एकदाच बुडतो, उजेड असतो तेव्हाच. भरती दिवसातून दोनदा येते, क्रिलची फेरी मात्र एकदाच होते. पाण्यात आकंठ बुडालेल्या, स्वतःही बहुतांश पाणीच असलेल्या जिवाला जर चंद्राची ओढ अशी हलवत नसेल, तर काकांच्या डोक्यातल्या पाण्याची काळजी नसावी.

एवढ्याशा उजेडाला दबणारे हे जीव जहाजाच्या दिव्यांना काय करत असतील? नी-ऑलेसुंडजवळच्या काँग्सफ्योर्डमध्ये दिवे नसलेली छोटी स्वयंचलित नाव सोडून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जहाजाच्या उजेडाने प्लवक ८० मीटरपर्यंत हलत असल्याचं दिसलं. २०२० मधल्या अभ्यासात हा परिणाम २०० मीटर खोल पोहोचला. म्हणजे ध्रुवीय रात्रीत झगझगीत दिवे लावून मासे आणि प्लवक मोजायला निघालेलं जहाज आपल्याच उजेडाने त्यांना पांगवत होतं. कोकणात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून भांडणं होतात, कारण तिथे उजेडाकडे मासळी धावते. इथे नेमकं उलटं.

डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञही हिमाद्रीत हिवाळ्यात राहू लागले. पहिल्या तुकडीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही सहभाग होता. त्यांच्या खिडकीसमोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर पाण्यात आपलाही एक दोर जुलै २०१४ पासून उभा आहे. त्याचं नाव ‘इंडार्क’. तो तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजतो आणि पाण्याखालचे आवाज ऐकतो.