मीटर जुळवणं वेगळं, क्राऊन-पिनियन बदलणं वेगळं

पिकअपला मोठे टायर बसवले की दोन तक्रारी एकदमच सुरू होतात. मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं आणि चढावर गाडी दमते. दोन्हींचं मूळ टायरच, त्यामुळे उपायही एकच असणार असं बहुतेकांना वाटतं. मग कोणीतरी लॅपटॉप जोडून मीटर जुळवून देतं, मालक खूश होतो, आणि पुढच्या घाटात गाडी पहिल्यासारखीच रडते. उलटंही होतं. काही हजार डॉलर मोजून ॲक्सलचे गिअर, म्हणजेच क्राऊन-पिनियन, बदलले जातात आणि मीटर चुकीचं ते चुकीचंच राहतं.

हा सगळा खेळ मुख्यतः अमेरिकेतला, म्हणून हिशेबही तिथल्याच एका गाडीवर करू. २०१६ ते २०२३ या पिढीची टोयोटा टॅकोमा, ३.५ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. ऑफ-रोड मॉडेलला कंपनीचे टायर २६५/७०आर१६ मापाचे. उंची ७७७ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंचांहून किंचित जास्त. हौशी लोक त्याजागी २८५/७५आर१६ घालतात. त्याला सगळे ‘तेहतीस’ म्हणतात, पण गणितात तो ८३४ मिलिमीटर, ३२.८ इंच भरतो. फरक सव्वासात टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ, पण दोन्ही तक्रारी यातूनच निघतात.

आधी मीटर, कारण ते सोपं आहे. मीटरला वेग कळत नाही, फेऱ्या कळतात. इतक्या फेऱ्या म्हणजे इतकं अंतर, हे कंपनीने जुन्या टायरवरून ठरवून दिलेलं असतं. टायर मोठा झाला की एका फेरीत जास्त रस्ता मागे पडतो आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो. काटा ताशी ६० मैलांवर असताना गाडी गणिताने ६४ च्या पुढे पळत असते. प्रत्यक्षात फरक सहसा याहून कमी निघतो, कारण बऱ्याच कंपन्या मीटर मुळातच जरा पुढे दाखवणारं ठेवतात. म्हणून आधी जीपीएस लावून सरळ हायवेवर दोन-तीन वेगांना ताडून बघावं आणि मगच खिशात हात घालावा.

ओडोमीटरचंही तेच. खरे १,००० मैल झाले की नोंद होते ९३२ ची. इथे एक गंमत आहे. समजा त्या हजार मैलांना ५० गॅलन पेट्रोल लागलं. खरा ॲव्हरेज २० चा, पण ओडोमीटरवरून काढाल तर १८.६ येतो. “मोठ्या टायरने ॲव्हरेज खाल्ला” या ओरडीतला काही भाग नुसता कागदावरचा असतो. मीटर जुळवलं की ॲव्हरेज ‘सुधारतो’ आणि पेट्रोलचा एक थेंबही वाचलेला नसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संगणक गिअर कधी टाकायचा हे ठरवताना वेगाचा आकडा बघतो, त्यामुळे जुळवणीने गिअर पडण्याच्या वेळा थोड्या सुधारू शकतात. पण घड्याळाचे काटे पुढे सरकवले म्हणून लोकल लवकर येत नाही. चाकाला मिळणारी ओढ जशीच्या तशी राहते.

ती ओढ ठरते क्राऊन-पिनियनवर. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन, त्याला अडकलेलं मोठं दातेरी कडं म्हणजे क्राऊन. क्राऊनचे ४३ दात आणि पिनियनचे ११ असतील तर शाफ्टच्या ३.९१ फेऱ्यांना चाकाची एक. ऑटोमॅटिक टॅकोमाचा रेशो हाच. मॅन्युअलला ४.३० येतो, ४३ भागिले १०. आकडा जितका मोठा तितकी चाकावर ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्याही जास्त. टायर मोठा केला की हा आकडा न बदलताच बदलल्यासारखा होतो. ३.९१ ला १.०७३ ने भागा, ३.६४ येतं. कंपनीने या गाडीला कधी दिला नसता असा रेशो आपण आपल्या हाताने दिलेला असतो.

ताशी ६५ मैलांवर काय घडतं ते बघा. जुन्या टायरवर सहाव्या गिअरमध्ये इंजिन १,६२० च्या आसपास फिरतं. तेहतीसवर ते १,५१० ला उतरतं. काही जण यावरच खूश होतात, कमी फेऱ्या म्हणजे कमी पेट्रोल. पण या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला ४,६०० फेऱ्यांना येतो. दीड हजारावर त्याच्यात दम नसतो, आणि आता ढकलायला चाकंही जड. जरासा चढ किंवा समोरून वारा आला की गिअरबॉक्स पाचव्यात येतो, मग वर जातो, पुन्हा खाली. ही सततची वर-खाली म्हणजेच मालकाची खरी तक्रार. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० हायवेवर आयझेनहावर बोगद्याकडे चढताना ती सगळ्यात जास्त जाणवते. बोगदा सुमारे ११,००० फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. तिथे मीटर अचूक असलं तर एवढंच होतं, की आपण किती हळू चाललोय ते नेमकं कळतं.

मग रेशो कोणता घ्यायचा? मूळची ओढ परत हवी असेल तर ३.९१ गुणिले १.०७३, म्हणजे ४.१९. पण या गाड्यांसाठी बाजारात लोक घेतात ते ४.५६, ४.८८ आणि ५.२९. ४.५६ घातला तर ६५ मैलांवर सहाव्यात १,७६० फेऱ्या येतात. मोठ्या टायरवर ३.९१ असताना पाचव्यात १,७९० च्या आसपास येतात. म्हणजे गाडी ज्या पाचव्यात सारखी पळून जात होती, तेच काम आता सहावा करतो आणि खालचे पाचही गिअर जास्त जोमाचे होतात. ४.८८ ला हा आकडा १,८८० च्या जवळ जातो. लोखंडी बंपर, विंच, छतावर तंबू असं वजन चढवलेल्यांनी ४.८८ घ्यावा. रिकामी गाडी सपाट मुलखात चालवणाऱ्याला ४.५६ पुरे. तेहतीसवर ५.२९ मला तरी अति वाटतो. ३७ ला ७ असे दात, म्हणजे पिनियनला सातच, आणि कमी दातांचं बारीक पिनियन आदळआपटीत आधी जातं.

आणि २६५/७५आर१६ सारखा साडेतीन टक्क्यांचाच फरक असेल तर गिअरच्या भानगडीत पडूच नये.

मीटर जुळवायला प्रोग्रामर किंवा वायरिंगमध्ये बसवायची छोटी डबी लागते आणि अर्धा तास जातो. क्राऊन-पिनियन हे मात्र कसबाचं काम आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलवरचा ज्या गोळ्यात क्राऊन-पिनियन बसतं तो) एकाच रेशोचे लागतात. फक्त मागचा बदलून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकलं तर दोन शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस त्यात भरडला जातो. “आत्ता मागचा करू, पुढचा दिवाळीनंतर” असा हप्ता इथे चालत नाही.

आत काय चालतं तेही बघण्यासारखं असतं. पिनियन किती आत बसवायचं ते शिमने, म्हणजे कागदासारख्या पातळ धातूच्या चकतीने, ठरवतात. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळीक डायल गेजने मोजतात, बहुतेक सेट्सना इंचाचे सहा ते दहा हजारावे भाग. मग दातांना पिवळी पेस्ट फासून क्राऊन हाताने फिरवतात. पिनियन जिथे घासतं तिथली पेस्ट सरकते आणि दातावर डाग उमटतो. डाग दाताच्या मधोमध हवा. मुळाशी किंवा टोकाला आला तर सगळं पुन्हा उघडून शिम बदलायची. कंटाळून “चालेल” म्हणणाऱ्या मेकॅनिकची गाडी हायवेवर ठरावीक वेगाला हुंकार देते, आणि तो आवाज नंतर कशानेही जात नाही. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर गिअर सेटमध्ये वाचवा, मजुरीत नको. काम झाल्यावर पहिल्या काही फेऱ्या पंधरा-वीस मैलांच्या, मध्ये गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, ५०० मैलांपर्यंत ट्रेलर ओढायचा नाही, आणि त्यानंतर डिफरन्शियलचं तेल बदलायचं. त्या तेलात चांदीसारखी बारीक चमक दिसते, तिला घाबरू नये. कण हाताला लागत असतील तर मात्र घाबरावं. ब्रेकला यातल्या कशाचाही उपयोग नाही हेही आत्ताच सांगतो. जड चाक थांबवायचं काम तेवढंच जड राहतं.

भारतात हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी पिकअप घेतलेल्यांनी हे वाचून लगेच सेट मागवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मापाबाहेरचे टायर हाच इथे आधी आरटीओचा आणि विम्याचा प्रश्न होतो. गिअर त्यानंतर.

आता ही दोन कामं एकच वाटण्यामागचं कारण. जुन्या बऱ्याच गाड्यांत वेगाची केबल किंवा सेन्सर गिअरबॉक्स वा ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असे, म्हणजे मीटर चाकाच्या नव्हे तर प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजायचं. अशा गाडीत टायरच्या प्रमाणात रेशो वाढवला की मीटर आपोआप सुधारायचं. गिअर बदलले आणि मीटरही बरोबर झालं, हा जुन्या लोकांचा अनुभव खराच होता. पण त्याच गाडीत ३.९१ वरून ४.८८ वर उडी मारली तर मीटर दुसऱ्या बाजूला चुकतं. खऱ्या ६० ला ते ७० च्या जवळ दाखवतं. ज्या गाड्यांत मीटर वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून घेतं, तिथे क्राऊन-पिनियन कोणतंही टाका, मीटरला फरक पडत नाही. तिथे चूक फक्त टायरची, आणि ती वेगळीच काढावी लागते. जीप रँग्लरच्या जेके पिढीत तर टायरची उंची आणि ॲक्सलचा रेशो असे दोन वेगळे आकडे संगणकाला द्यावे लागतात. म्हणून गिअर बदलून देणाऱ्या दुकानात किंमत विचारायच्या आधी एवढं विचारावं: माझ्या गाडीत मीटर वेग कुठून घेतं, आणि काम झाल्यावर संगणकात रेशो कोण भरणार?