फॅटी लिव्हर या नावामागची पार्श्वभूमी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर' आलं की आपल्या घरांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, अहो पण हे तर थेंबभरही घेत नाहीत! लिव्हर म्हणजे दारू हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ताट, पोटाचा घेर, शुगर, झोप या गोष्टी कुणाला आठवतच नाहीत. हे समीकरण बसलं कसं आणि आता सुटतंय कसं, ते थोडं मागे जाऊन बघू.

फार जुन्या काळात असं नव्हतं. आयुर्वेदात रक्तवह स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा असं सांगितलंय, ग्रीक वैद्यही अन्नाचं रक्त लिव्हरमध्ये होतं असं मानायचे. तपशील चुकीचे होते पण अन्न आधी लिव्हरकडे जातं हे दोघांनीही धरलं होतं. बाटली मध्ये आली ती 18व्या-19व्या शतकात, जेव्हा युरोपातल्या शवविच्छेदनांत दारू पिणाऱ्यांची कडक, गाठाळ लिव्हरं दिसायला लागली. 1819 मध्ये अशा लिव्हरच्या आजाराला सिरोसिस हे नाव पडलं ते ग्रीकमधल्या पिवळट-तपकिरी रंगाच्या शब्दावरून. पुढे 1848 च्या आसपास एका फ्रेंच शास्त्रज्ञाला नुसतं मांस खाणाऱ्या कुत्र्याच्याही लिव्हरमध्ये साखर सापडली, आणि 1857 मध्ये त्यानेच तिथला साखरेचा साठा म्हणजे ग्लायकोजेन वेगळं काढून दाखवलं.

1930 च्या दशकात लंबक एकदम दुसरीकडे गेला. स्वादुपिंड काढून इन्सुलिनवर ठेवलेल्या कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साचत होती आणि आहारात लेसिथिन (अन्नातला एक स्निग्ध पदार्थ) दिलं की ती कमी होत होती, त्यातलं काम करणारं द्रव्य निघालं कोलीन. मग बरीच वर्षं असं मानलं गेलं की दारुड्याची लिव्हर दारूने नाही, तो जेवत नाही म्हणून बिघडते. हे चूक ठरलं 1970 च्या दशकात, बबून माकडांना चांगला चौरस आहार देऊन वर दारू पाजली तरी सिरोसिस झालाच. निष्कर्ष बरोबर होता, पण माझ्या मते त्याच्याबरोबर आहाराचा प्रश्नच बाजूला पडला आणि त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

1980 मध्ये अमेरिकेत 20 पेशंट्सचा एक अभ्यास आला, बरेचसे जाड, अनेकांना डायबेटिस, आणि लिव्हरचा तुकडा तपासला तर थेट दारुड्यासारखा, पण पिणारे कुणीच नव्हते. डॉक्टरांनी लिहिलं की या आजाराला अजून नावच नाही, आणि मग नाव दिलं 'नॉन-अल्कोहोलिक', म्हणजे दारूमुळे न झालेला. म्हणजे आजार काय आहे ते नाही, काय नाही ते सांगणारं नाव.

त्याच सुमारास पुण्यात वेगळीच गोष्ट घडत होती आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सहा महिने ते पाच वर्षांची मुलं सिरोसिसने जात होती, एकाच घरात दोन-दोन भावंडं. इंडियन चाइल्डहूड सिरोसिस असंच नाव होतं त्याला. लिव्हरमध्ये तांबं प्रचंड सापडायचं. पुण्यातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर घराघरातली भांडी बघितली, 1983 मध्ये निष्कर्ष मांडला की अंगावरचं दूध लवकर सुटलेल्या बाळांना पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेलं गाई-म्हशीचं दूध दिलं जातंय. दुधातलं प्रोटीन तांबं धरून ठेवतं आणि ते बाळाच्या लिव्हरमध्ये साचत जातं. आनुवंशिक कारणही असणार असं म्हणणारे होते आणि आहेत, पण सल्ला पसरला, स्टीलची भांडी आली आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. चिमुकल्या बाळाच्या लिव्हरचं कारण स्वयंपाकघरात सापडलं आणि तिथेच सुटलंही.

पुण्याजवळच्या गावांतलाच दुसरा धागा 1990 च्या दशकातला. इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकलेली आणि स्नायू मात्र कमी. यालाच 'थिन-फॅट' म्हणतात. बारीक दिसणाऱ्या माणसालाही फॅटी लिव्हर कसं होतं ते समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

आता नावाच्या भांडणाकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. 2020 मध्ये एका गटाने म्हटलं की 'नॉन-अल्कोहोलिक' काढा आणि 'मेटाबॉलिक', म्हणजे चयापचयाशी जोडलेलं, असं घाला, म्हणून नाव सुचवलं मॅफल्ड (MAFLD, यातला एफ फॅटीचा). त्यात माणूस पितो की नाही हा प्रश्नच नव्हता, लिव्हरमध्ये चरबी आणि सोबत जादा वजन किंवा डायबेटिस किंवा चयापचयाच्या दोन गडबडी असल्या की झालं. दुसऱ्यांना हे घाईचं वाटलं. मग 56 देशांतले 236 जाणकार बसले, प्रश्नावल्यांच्या फेऱ्या झाल्या आणि 2023 मध्ये तिसरं नाव आलं, मॅसल्ड (MASLD). यात 'फॅटी' जाऊन 'स्टिॲटोटिक' आलं, कारण त्यातल्या 66 टक्के लोकांना फॅटी आणि 61 टक्के लोकांना नॉन-अल्कोहोलिक हा शब्द अपमानकारक वाटला. दारूची हद्दही आखली, आठवड्याला पुरुषांसाठी 210 ग्रॅम आणि बायकांसाठी 140 ग्रॅम अल्कोहोल, त्याच्यावर गेलं की वेगळा गट. 210 ग्रॅम म्हणजे रोजचा साधारण दीड लार्ज पेग, आणि ही गटवारीसाठीची रेघ आहे, एवढी चालते असा तिचा अर्थ मुळीच नाही.

मला यातला 'मेटाबॉलिक' पूर्ण पटतो. पोट किंवा वजन, शुगर, बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) या पाचातलं एक तरी बिघडलेलं असायला हवं ही अट लिव्हरला एकदम अख्ख्या शरीराशी जोडते, शिवाय आशियाई लोकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) रेघ 25 ऐवजी 23 वर आहे, म्हणजे आपली थिन-फॅट माणसं सुटत नाहीत. पण 'स्टिॲटोटिक'? तो ग्रीकमधला चरबीच तर आहे! मराठी माणसाला फॅटी लिव्हर हा शब्द टोचत नाही, टोचतो तो 'अल्कोहोलिक', कारण पुढचं 'नॉन' कुणी वाचत नाही आणि नातेवाईक संशयाने बघायला लागतात. तो शब्द गेला हेच मोठं काम झालं.

आपल्याकडे केंद्राने 2021 मध्ये फॅटी लिव्हर राष्ट्रीय असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात घेतलं, जगात असं करणारे देश अगदी थोडे आहेत आणि याचं कौतुक व्हायला हवं. 2024 मध्ये सुधारित मार्गदर्शिका निघाली, त्यातही नाव मात्र जुनंच होतं, नॉन-अल्कोहोलिक.

दरम्यान लिव्हरकडे अख्ख्या शरीरासकट बघायचं, म्हणजे 'समग्र' बघायचं, याचा बाजारात अर्थ झाला रोज एक काढा. 2020 च्या शेवटी मुंबईत गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंट्समध्ये लिव्हरला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, सरकारी बाजूने उत्तर आलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल, मग 2022 मध्ये देशभरातल्या केंद्रांतून 43 केसेस आल्या. वेल कुठली यावर वाद चालू राहिला, पण लिव्हर खराब असताना कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये एवढं तरी त्यातून घ्यायला हवं होतं.

सिरोसिसच्या पेशंटचं ताटही याच काळात बदललं. पूर्वी प्रोटीन तोडायचे, आपल्याकडे तर डाळ, अंडं, हळद, तेल सगळंच बंद करून माणूस नुसत्या उसाच्या रसावर. आता किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन रोज घ्या असं सांगतात, आणि रात्री झोपण्याआधी थोडं काहीतरी खाऊनच झोपा, कारण अशा लिव्हरमध्ये 1857 मध्ये सापडलेला तो साखरेचा साठा फारच थोडा उरलेला असतो आणि रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर करायला लागतं.