समुद्रातल्या वाऱ्याची वीज : बॅटरीत भरणं वेगळं, हायड्रोजन करणं वेगळं

समुद्रातल्या पवनचक्क्यांची जास्तीची वीज ‘साठवायची’ म्हटलं की बॅटरी आणि हायड्रोजन ही नावं एका दमात घेतली जातात. खरं तर बॅटरीतून वीजच परत मिळते, इलेक्ट्रोलायझरमधून, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रातून, इंधन निघतं. हा फरक सुटला की सगळं नियोजन चुकतं.

हिशेबच करू. 100 मेगावॅट जास्तीची वीज 10 तास मिळाली, म्हणजे 10 लाख युनिट. लिथियम बॅटरीतून त्यातली साधारण साडेआठ ते नऊ लाख परत येतात. एक किलो हायड्रोजनला 55 युनिट धरले, तर त्याच विजेत सुमारे 18 टन हायड्रोजन होतो. तो फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्राला, देऊन पुन्हा वीज केली की हाती जेमतेम तीन लाख युनिट. म्हणून दुपारचा वारा संध्याकाळच्या मागणीला पुरवायचा असेल तर हायड्रोजनच्या वाटेला जाऊच नये. पण वारा आठवडाभर सुटला तर बॅटरी पहिल्या काही तासांतच भरून बसते. शिवाय खतासाठी अमोनिया करायला हायड्रोजनच लागतो, आणि लोखंड करताना लोहखनिजातला ऑक्सिजन काढायलाही तो वापरता येतो. तिथे तो परत विजेत बदलायचा प्रश्नच येत नाही.

एवढं गोडं पाणी आणायचं कुठून, ही धास्ती मात्र अनाठायी आहे. किलोभर हायड्रोजनमागे 9 लिटर पाणी फुटतं. खारं पाणी थेट घातलं तर ॲनोडवर (धन टोकावर) क्लोरीन सुटून भाग गंजतात, म्हणून आधी आरओ आणि मग क्षार पूर्ण काढणं आलंच. पण हजार लिटर गोडं करायला तीन-चार युनिट पुरतात. किलोमागच्या 55 युनिटांपुढे हा खर्च नगण्य.

खरी अडचण वारा पडल्यावर येते. अल्कलाइन (क्षारीय द्रावण वापरणारा) इलेक्ट्रोलायझर फार कमी भारावर, म्हणजे थोड्याच विजेवर, चालवला की ऑक्सिजन कमी बनतो, पण दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. ऑक्सिजनमध्ये त्याचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास गेलं की स्फोटाचा धोका. म्हणून यंत्रणा 2 टक्क्यांच्या सुमारासच बंद पाडतात. सारखं बंद-चालू केल्याने इलेक्ट्रोड झिजतात ते वेगळंच. पीईएम (द्रावणाऐवजी प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा वापरणारा) प्रकार चढउतार चांगले सोसतो, पण त्याला इरिडियम हा धातू लागतो, आणि तो दुर्मीळ आहे.

इथे दोघांची जोडी जमते. इलेक्ट्रोलायझरच्या आधी छोटी बॅटरी बसवली की वाऱ्याच्या झोताझोतांतला खड्डा ती भरून काढते आणि भार किमान पातळीखाली जात नाही. वारा पूर्ण पडला तर पंप, नियंत्रण आणि नायट्रोजन सोडून नळ्यांतला उरलेला वायू बाहेर काढण्याची व्यवस्था तीच चालू ठेवते. या बॅटरीची क्षमता ठरवताना उरलेली वीज किती, हे पाहायचं नसतं. वारा किती मिनिटं दगा देतो, ते पाहायचं असतं.