नितळ पाण्यात काय शोधायचं?

राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या शेवटी विहिरींचं पाणी गडद तपकिरी झालं. ‘एच-ॲसिड’ हे रंगांसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्याचा गाळ पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरला होता. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं तिथल्या प्रदूषणाचा अभ्यास केला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बिछडीत निदान डोळ्यांना दिसत तरी होतं.

भोपाळमध्ये तेही नाही. डिसेंबर १९८४च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला, पण कचरा आवारातच राहिला. भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांतली माणसं वर्षानुवर्षं हातपंपाचं पाणी पीत होती. पुढे काही पंपांना लाल रंग लावून ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहिलं. पण दुसरं पाणी कुठे होतं? नळाचं स्वच्छ पाणी पुरवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावं लागलं.

अशा ठिकाणी नेहमीची पाणीतपासणी पुरत नाही. आम्लता, क्षार, जडपणा, नायट्रेट, जंतू हे सगळं ठीक निघालं, तरी पाणी विषारी असू शकतं. प्रयोगशाळा आपण सांगितलेलं तेवढंच शोधते. म्हणून आधी कारखान्यात काय वापरलं जात होतं, ते पाहायचं. भोपाळला कीटकनाशक बनवताना कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म वापरत; तिथल्या भूजलात दोन्ही सापडले. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याच्या दीडपटीहून जड आहे. ते खाली बसतं, खडकाच्या भेगांत दडतं आणि तिथून थोडं थोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबानं एक लिटर रसायन सुमारे ३२ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

आता नमुना घेण्याचं बघा, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते. पंप सुरू करून पाइपात साचलेलं शिळं पाणी आधी जाऊ द्यायचं. अशा उडून जाणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. धार बारीक करून ती काठोकाठ भरायची, इतकी की तोंडावर पाण्याचा फुगीर घुमट दिसावा. मग झाकण लावून कुपी उलटी करायची आणि बोटानं टिचकी मारायची. मोहरीएवढा बुडबुडा जरी वर सरकला तरी मी ती कुपी बाद करून नवीन भरीन, कारण रसायन पाण्यातून त्या हवेत निघून जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. त्यानंतर कुपी बर्फात, आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत.

धातूंचा नमुना वेगळा. तो प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतात आणि त्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, पाऱ्याची ०.००१.

‘उकळून पितो की!’ असं बरेच जण म्हणतात. उकळल्यानं जंतू मरतात. शिसं मात्र तसंच राहतं, पाणी आटलं की उलट दाट होतं. उडून जाणारी रसायनं पाण्यातून निघतात ती स्वयंपाकघरातल्या हवेत.

एकदा तपासून भागतही नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा, असं दोनदा तरी पाहावं. पावसानं झऱ्यांची वाट बदलते, कचऱ्यातून नवं पाणी झिरपतं. शिवाय भेगांच्या खडकात शेजारची विहीर चांगली आणि आपली वाईट असंही होतं, म्हणून त्यांच्या अहवालावर आपलं पाणी पिऊ नये.