इस्ट्रोजेन: पॅच बरा की जेल?

डॉक्टरांनी इस्ट्रोजेन सुचवलं की बऱ्याच जणी चिठ्ठी घेऊन येतात आणि काउंटरवर हाच प्रश्न विचारतात. पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी. दोन्हींत औषध एकच असतं, इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. पाळी जाताना शरीरात हे संप्रेरक घटतं. म्हणून अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते. पॅच काय किंवा जेल काय, औषध त्वचेतून थेट रक्तात जातं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिने रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. त्वचेवाटे नेहमीच्या मात्रेत घेतल्यास तो वाढल्याचं आढळलेलं नाही. त्यामुळे वजन जास्त असेल, म्हणजे गुठळीचा धोका मुळातच अधिक असेल, तर डॉक्टर बहुधा त्वचेचाच मार्ग निवडतात. पॅच की जेल, हे मात्र तुमचा दिवस कसा जातो यावरून ठरवावं.

रोज आठवण ठेवणं जमत नसेल तर पॅच सोयीचा. प्रकारानुसार तो आठवड्यातून दोनदा किंवा एकदा बदलायचा. तो ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावा. परकराची नाडी किंवा सलवारीचं इलॅस्टिक घासतं तिथे नको, आणि स्तनांवर कधीच नको. त्वचा कोरडी असू द्या. तेल किंवा पावडर लावलेल्या जागी तो चिकटत नाही. तळहाताने १० सेकंद दाबून धरा, दर वेळी जागा बदला. उन्हाळ्यात घामाने कडा सुटणं ही आपल्याकडची खरी अडचण. काहींना चिकटपट्टीने खाज येते. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून, कागदात गुंडाळून टाका.

जेल रोज लावायचं, दंडावर किंवा मांडीवर. एका पंपात ०.७५ मि.ग्रॅ. देणाऱ्या जेलचे दोन पंप आणि रोज ५० मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच साधारण बरोबरीचे मानतात. पण प्रत्येकीची त्वचा सारखं शोषत नाही, तेव्हा मात्रा डॉक्टरच ठरवतील. जेल निदान ५ मिनिटं वाळू द्या, तासभर ती जागा धुऊ नका. त्यात अल्कोहोल असतं. पूर्ण वाळेपर्यंत गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून लांब राहा. घरात लहान मूल असेल तर आमची कळकळीची विनंती आहे: जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, ती जागा कपड्याने झाका आणि मगच नातवंडाला उचला. हे औषध मुलांच्या त्वचेला वारंवार लागलं तर त्यांच्यात अवेळी स्तनांची वाढ दिसू शकते. नातवंडं दिवसभर अंगाखांद्यावर असतील, तर आम्ही पॅचच सुचवू.

गर्भाशय काढलेलं नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन घेऊ नका, मग पॅच असो वा जेल. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे हे अस्तर जाड होऊ न देणारं संप्रेरक, लागतं. चिठ्ठीवर ते दिसलं नाही तर आम्ही विचारू. राग मानू नका.

स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा यकृताचा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थोडं का असेना, तर लगेच दाखवा. आराम पडायला काही आठवडे लागतात. ३ महिन्यांनी तपासणीला जा आणि तोवर मात्रा मनाने वाढवू नका.

चिठ्ठीशिवाय हे औषध आम्ही देत नाही. पॅच कसा चिकटवायचा, पंप किती दाबायचा, हे विचारायला मात्र कधीही या. चारचौघांत बोलायला संकोच वाटत असेल तर बाजूला बसून सांगू.