कोंबडी खत : देशोदेशीचा वापर

कोंबड्यांची विष्ठा नुसती किंवा शेडमधल्या तूस-भुशासकट रानात टाकतात ते कोंबडी खत. आपल्या कृषी पुस्तकांत याचे आकडे साधारण ३ टक्के नत्र, २.६ टक्के स्फुरद आणि १.४ टक्के पालाश असे दिलेले असतात, शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे शेतकरी याच्या मागे का असतो ते वेगळं सांगायला नको.

पण देशांची तुलना टनाला टन लावून होत नाही आणि बरेच तक्ते इथेच फसवतात. पिंजऱ्यातल्या लेयरची (अंड्यांच्या कोंबडीची) विष्ठा ओली असते, खाद्यातल्या शिंपल्याच्या चुऱ्यामुळे तिच्यात कॅल्शियमही भरपूर, तर ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबडीचं) लिटर, म्हणजे शेडमधलं विष्ठा मिसळलेलं अंथरूण, यात बराच भाग तूस किंवा लाकडाच्या भुशाचा. अमेरिकेत एकच लिटर लागोपाठ अनेक बॅचना वापरतात, युरोपात बहुतेक ठिकाणी दर बॅचला शेड रिकामं करतात, म्हणून अमेरिकन लिटरमध्ये विष्ठेचा भाग जास्त येतो. शिवाय अमेरिकन शोधनिबंध बऱ्याचदा मूलद्रव्य फॉस्फरस देतात आणि आपण ऑक्साइडच्या रूपात स्फुरद मोजतो, त्यांचा आकडा २.२९ ने गुणल्याशिवाय आपल्याशी जुळत नाही (त्यांचं १.१५ म्हणजे आपलं २.६३). ओलावा धरून मोजलं की वाळवून, हेही आधी बघावं लागतं.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही, विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे युरिक ॲसिड, आणि ताज्या विष्ठेतलं साधारण ६० ते ७० टक्के नत्र त्यातच असतं. ओल लागली की जिवाणू त्याचा युरिया करतात, युरियाचा अमोनिया होतो, शेडमध्ये कोंबड्यांच्या पाण्याच्या गळक्या निपलखाली लिटरचा गच्च पापुद्रा धरतो तो उचकटला की डोळे चुरचुरतात ते यामुळेच. कच्चं खत मुळाशी पडलं की पीक करपतं, शेतकरी म्हणतात खत उष्ण आहे. इंग्लंडमध्ये नायट्रेट-संवेदनशील ठरवलेल्या भागांत मोकळ्या जमिनीवर टाकलेलं कोंबडी खत २४ तासांत मातीआड करावं लागतं.

या खताची थोरवी पहिल्यांदा कोणी ओळखली यावर एकमत नाही. लेखी पुरावे रोमन शेतीलेखकांचे आहेत. वारो (इ.स.पू. ३७ च्या सुमारास) सांगतो की कॅसियसच्या मते पक्ष्यांची विष्ठा सर्वांत उत्तम, पाणपक्षी वगळून, आणि त्यात कबुतराची पहिली, वारोला स्वतःला मात्र पाळलेल्या कस्तूर पक्ष्यांची जास्त चांगली वाटते. हा कॅसियस म्हणजे कार्थेजच्या मागो या शेतीलेखकाचा ग्रंथ ग्रीकमध्ये आणणारा, म्हणून ही क्रमवारी मुळात कार्थेजची असावी असं म्हणायला जागा आहे. तरी वारो कॅसियसशी असहमत होतो, म्हणजे तो नुसतं उतरवून घेत नव्हता, त्यामुळे रोमन अनुभवही यात धरणं जास्त पटतं. कोंबडीला स्पष्ट दुसरा नंबर देतो तो कोलुमेला, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, बदक आणि हंस तोही बाजूला ठेवतो. इराणमधल्या इस्फहानचे कबुतरांचे मनोरे (बरेचसे सफावी राजवटीच्या काळातले) याच परंपरेच्या जवळचे, तिथलं खत खरबुजाच्या मळ्यांना जायचं.

ढिगांनी कोंबडी खत ही मात्र २० व्या शतकातली गोष्ट. अमेरिकेच्या डेल्मार्वा द्वीपकल्पात ब्रॉयलर धंद्याची सुरुवात सहसा १९२३ पासून धरतात. तिथे मका-सोयाबीनला नत्राच्या हिशोबाने लिटर टाकत गेले, पिकाला नत्र जितकं लागतं त्यामानाने स्फुरद फार कमी लागतं, म्हणून उरलेलं स्फुरद वर्षानुवर्षं मातीत साठलं आणि चेसापीक उपसागराकडे वाहू लागलं. १९९७ मध्ये पोकोमोक नदीत मासे मेले, त्यात फिस्टेरिया या सूक्ष्मजीवाचा हात किती यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण त्या भागातल्या मेरीलँड राज्याने १९९८ मध्ये खतवापराबाबत कायदा केला आणि २०१५ पासून मातीतलं स्फुरद बघून खत टाकायचे नियम आणले. माझ्या मते या सगळ्या विषयात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे, कारण आपल्याकडेही खत ट्रॉलीच्या हिशोबाने पडतं, माती परीक्षणाच्या नाही.

नेदरलँड्सची अडचण जागेची. पक्ष्यांचं खाद्य बरंचसं बाहेरून येतं, विष्ठा मात्र तिथेच राहते आणि युरोपच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशाप्रमाणे संवेदनशील भागांत हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राच्या वर जनावरांचं खत टाकता येत नाही. म्हणून बरंच खत वाळवून शेजारी देशांत जातं, आणि सुमारे एक तृतीयांश २००८ मध्ये सुरू झालेल्या मुर्डाइकच्या वीज प्रकल्पात जळतं. राखेत स्फुरद-पालाश टिकतं पण नत्र धुरात जातं, खताच्या नजरेने बघितलं तर हे नुकसानच. ब्रिटनमध्ये असा प्रकल्प १९९२ मध्येच सफोकमधल्या आय या गावी सुरू झाला होता. जपानमध्ये मियाझाकीत खत जाळतात, पण आंबवून वाळवलेलं खत परसबागेसाठी पिशव्यांत सहज विकत मिळतं.

भारतात तमिळनाडूचा नामक्कल पट्टा अंड्यांसाठी प्रसिद्ध, आंध्रात हे खत मत्स्यतळ्यांतही जातं. महाराष्ट्रात ऊस, आलं, हळद, भाजीपाला याला मागणी, आणि ढीग ओला करून, झाकून, मधेमधे पालटून मगच टाकावा हा सल्ला अनुभवी माणूस देतोच. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १ लाखापेक्षा कमी पक्ष्यांच्या फार्मना प्रदूषणाच्या नियमांतून मिळालेली सूट फेरतपासायला सांगितली.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या आसपास कच्च्या खतावर चावऱ्या माशीची पैदास होते म्हणून काही तालुक्यांत ते वापरायलाच बंदी आहे. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया आणि घानात, शहरांभोवतीच्या भाजीमळ्यांत याचा वापर बराच. सेंद्रिय शेतीचे नियम वेगवेगळे आहेत : अमेरिकेत मातीला टेकणाऱ्या खाद्यपिकांसाठी कच्चं खत काढणीच्या किमान १२० दिवस आधी आणि इतर खाद्यपिकांसाठी ९० दिवस आधी टाकावं लागतं, तर युरोपात कारखानी पद्धतीच्या फार्मचं खत सेंद्रिय शेतात चालत नाही, त्यामुळे तिकडे सेंद्रिय हळद पाठवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने खत कुठल्या शेडचं याची नोंद ठेवलेली बरी.