एकाच वेळी दाबलेल्या कळांची हाताळणी

कीबोर्डवरील दोन किंवा अधिक कळा एकत्र दाबलेल्या असताना त्या सर्वांची दखल एकाच फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरील चित्र एकदा नव्याने रेखाटण्याच्या फेरीत, घेण्याची, ग्राफिक्स-खेळांच्या प्रोग्रॅमिंगमधील पद्धत. एका कीबोर्डवर दोघांनी खेळायच्या खेळात ती अपरिहार्य ठरते.

नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या संक्रांतीच्या पतंगबाजीवर एखाद्या नाशिककर विद्यार्थ्याने टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या कंपायलरमध्ये खेळ लिहायला घेतला, तर पहिल्या खेळाडूने डब्ल्यू आणि एस या कळांनी ढील द्यावी व मांजा खेचावा आणि दुसऱ्याने तेच बाणांच्या कळांनी करावे, अशी मांडणी तो साहजिकच करील. कळ आली आहे का हे केबीहिट या फंक्शनने पाहायचे आणि ती गेटसीएच या फंक्शनने वाचायची, हा नवशिक्यांचा नेहमीचा मार्ग येथे अपुरा पडतो. ही फंक्शने मुळात मजकूर टंकण्यासाठी असून रांगेतून एका वेळी एकच कळ देतात. शिवाय कळ धरून ठेवल्यास, सर्वसाधारण मांडणीत अर्धा सेकंद थांबून मगच तिची पुनरावृत्ती सुरू होते आणि तीही फक्त शेवटी दाबलेल्या कळेची होते. त्यामुळे दुसऱ्याने बाण दाबताच पहिल्याचा पतंग, त्याचे बोट डब्ल्यूवरच असूनही, जागीच थबकतो. खेळाडूला हा अन्याय वाटतो, आणि तो तसा आहेही.

म्हणून 'कोणती कळ आली' यापेक्षा 'या क्षणी कोणकोणत्या कळा दाबलेल्या आहेत' हे प्रोग्रॅमला ठाऊक असावे लागते. कीबोर्ड कळ दाबल्याचा आणि सोडल्याचा असे दोन वेगळे संकेतांक पाठवतो. पीसीवर डब्ल्यूचा पहिला संकेतांक १७, तर दुसरा त्यात १२८ मिळवून १४५ होतो. टर्बो सी जिच्यावर चालते त्या डॉस या जुन्या कार्यप्रणालीत ९ क्रमांकाच्या इंटरप्टला, म्हणजे कीबोर्डकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाकेला, स्वतःचे फंक्शन जोडून हे संकेतांक थेट वाचता येतात आणि १२८ घरांच्या अ‍ॅरेत (क्रमांकित घरांच्या यादीत) प्रत्येक कळेसमोर एक किंवा शून्य नोंदवता येते. मुख्य लूप दर फ्रेमला ही अ‍ॅरे पाहून दोन्ही पतंग हलवतो; येथे दोन तपासण्या स्वतंत्र 'इफ'ने कराव्यात, कारण मध्ये 'एल्स' आल्यास पहिली कळ दाबलेली असताना दुसरी तपासलीच जात नाही आणि मूळ दोष परत येतो. प्रोग्रॅम संपताना जुने फंक्शन पूर्ववत जोडणे आवश्यक असते.

विंडोजमध्ये हेच काम गेटएसिंककीस्टेट हे फंक्शन करते, तर पायगेम या पायथॉन भाषेतील खेळांच्या लायब्ररीमध्ये सर्व कळांची स्थिती तयारच मिळते. ब्राउझरमध्ये मात्र कीडाउन आणि कीअप या घटनांवरून ती नोंद स्वतः ठेवावी लागते, आणि खेळाडू दुसऱ्या खिडकीत गेल्यास कीअप येत नसल्याने त्या वेळी सगळी नोंद पुसावी लागते.

कीबोर्डच्या रचनेचीही मर्यादा असते. स्वस्त कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. एका आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा दाबल्या की चौथीही दाबल्यासारखी दिसते, आणि ते टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळच नाकारतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट या कळा सहसा या अडचणीतून वगळलेल्या असल्याने दोन खेळाडूंच्या खेळात पेच लावण्यासारखी महत्त्वाची क्रिया त्यांच्यावर देणे श्रेयस्कर असते.